मोरसच्या कागदावर बाईचं नाव



माझी आजी दुकानात पाठवताना साखर आण असं कधी म्हणायची नाही. म्हणायची, "मोरस आण गं." मोरस म्हणजे पांढरी दाणेदार साखर, एवढंच आम्हा मुलींना ठाऊक. पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं, की मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातल्या त्या लहानशा बेटावरची साखर एकोणिसाव्या शतकात मुंबईला उतरायची, तिथून आपल्या पेठांमधल्या दुकानांत यायची. बेटाचं नाव साखरेला चिकटलं आणि आजीच्या डब्यापर्यंत पोचलं. स्वदेशीच्या चळवळीत पुण्याने परदेशी साखरेवर बहिष्कार घातला. ती हाडांच्या कोळशाने साफ करतात, म्हणून खायची की नाही, यावरही घरोघरी वाद झाले. पण तो ऊस तोडणाऱ्या हातांत रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याकडचे हात होते, ही गोष्ट त्या वादात कुठे फारशी दिसत नाही. आज त्या हातांबद्दल बोलायचं आहे, त्यातही बायकांच्या.

त्याआधी थोडं लांब जाऊ, स्कॉटलंडमध्ये. तिथली गोष्ट शेजारी ठेवली की आपली नीट दिसते.

१८१५ साली नेपोलियनबरोबरची लढाई संपली आणि ग्लासगोच्या आसपासचे हातमागावरचे विणकर उपाशी मरायला लागले. मजुरी घसरली, यंत्रमाग आले, सैन्यातून सुटलेले लोक कामाला उभे राहिले. १८२० च्या वसंतात तिथे मोठा संप आणि उठाव झाला, तिघांना फाशी दिली गेली. याच विणकरांनी वस्तीवस्तीत मंडळं काढली, सरकारकडे अर्ज केले: आम्हाला कॅनडात जाऊ द्या, जायला मदत करा. सरकारला त्यांची भीती होतीच. अर्ज मान्य झाले. १८२० आणि १८२१ या दोन वर्षांत कुटुंबंच्या कुटुंबं गेली. प्रत्येक कुटुंबाला शंभर एकर जमीन आणि माणशी काही पौंडांची उचल. जमीन खडकाळ निघाली, कर्ज फिटेना, तेव्हा परत अर्ज झाले आणि १८३६ मध्ये सरकारने ते कर्ज सोडून दिलं. सुख होतं असं मी म्हणत नाही. कडाक्याच्या थंडीत झाडं तोडून शेत करायचं होतं. ती जमीनही मुळात तिथल्या आदिवासींची. आणि शंभर एकराच्या कागदावर नाव नवऱ्याचंच. पण अर्ज त्यांनी आपण होऊन केला, आणि सरकारने तो वाचला.

आता त्याच राज्याच्या दुसऱ्या दाराशी येऊ.

इंग्रजांनी आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने बंद केली. मॉरिशसमध्ये तो कायदा १८३५ च्या फेब्रुवारीत लागू झाला. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड वाटले गेले, ते गुलामांना नव्हे, मालकांना. मॉरिशसच्या मळेवाल्यांच्या वाट्याला त्यातले वीस लाखांवर आले. पैसे मिळाले, पण उसाला माणूस हवा होता. म्हणून नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, शिवाय शिधा. एका पाठोपाठ जहाजं निघाली. माणसं फसवून नेतात, कोंडून ठेवतात, अशी इतकी ओरड झाली की १८३९ मध्ये सरकारने ही वाहतूक थांबवली. पण मळेवाल्यांचं वजन मोठं. १८४२ मध्ये नवा कायदा आला आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई ही तीन बंदरं पुन्हा उघडली. या वेळी सरकार स्वतः मध्ये उतरलं. बंदरात एजंट, वर देखरेखीला एक अधिकारी, जहाजात माणशी जागा किती आणि पाणी किती याचे नियम. कागदावर सगळं चोख.

स्कॉटलंडच्या विणकराने सरकारकडे जमीन मागितली होती. आपल्या माणसांनी काय मागितलं, हे विचारायची सोयच नव्हती. गावात यायचा तो भरती करणारा. कधी तो मोरसहून परत आलेला, अंगावर बरे कपडे असलेला आपल्याच भावकीतला माणूस असे, आणि तो सगळंच खोटं सांगत होता असंही नाही. सावकाराचं कर्ज, नापिकी, घरातली भांडणं, जातीचा जाच, निघायला कारणं पुष्कळ होती. पुणे-साताऱ्याकडचा माणूस घाट उतरून, कोकणातला होडीने, मुंबईच्या डेपोत यायचा. तिथे नाव लिहून घ्यायचे, तपासणी व्हायची, अंगठा उठायचा.

आणि बायका? पहिल्या काही वर्षांत त्या फारच थोड्या गेल्या. मळ्यांवर नुसते पुरुष, म्हणून भांडणं, दारू, मारामाऱ्या. तेव्हा लंडनपासून कलकत्त्यापर्यंत साहेबांच्या पत्रांतून एकच विषय: बायका पाठवा. पुढे तर प्रमाणच ठरलं. फिजी आणि वेस्ट इंडीजच्या जहाजांना शंभर पुरुषांमागे चाळीस बायकांची अट होती. मॉरिशसलाही असंच ठराविक प्रमाण लागलं. एवढ्या बायका भरल्याशिवाय जहाज सुटेना. वाण्याकडे वजन भरतात तसं. मग विधवा, टाकलेली, घरातून निघालेली, दुष्काळात एकटी पडलेली, अशा बायकांना भरती करणारे शोधू लागले. त्यातल्या काही फसल्या. काही मात्र डोळे उघडे ठेवून गेल्या असणार, असं मला वाटतं. केस काढून माजघरात बसवलेल्या विधवेपुढे, किंवा सासरी-माहेरी दोन्हीकडे नको असलेल्या बाईपुढे, समुद्र हा एक रस्ता तरी होता. त्यांना नुसत्या बिचाऱ्या म्हणून सोडून द्यायला माझं मन घेत नाही.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून माणसं डेपोत जायची. आज तिला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. साडेचार लाखांहून अधिक माणसं मॉरिशसला गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, मुंबईहून त्यामानाने कमी. डेपोत प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. माणसाचं नाव आणि बापाचं नाव लिहायचे, तेही साहेबाच्या किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानाला जसं ऐकू येईल तसं. आडनाव बहुतेकांना विचारलंच गेलं नाही. म्हणून आज तिथल्या कितीतरी मराठी घरांत पणजोबाचं पाळण्यातलं नाव हेच आडनाव झालं आहे.

आता नीट ऐका. मॉरिशसला गेलेल्या बहुतेक बायकांच्या नावावर करारच नव्हता. अमक्या नंबरच्या माणसाची बायको, एवढीच नोंद. करार नाही म्हणजे पगाराची खात्री नाही. काम मात्र होतंच. खुरपणी, उसाची पानं काढणं, गायी पाळणं, भाजीचा तुकडा पिकवणं, आणि घरचं ते वेगळंच. त्यात लग्नाचा घोळ. आपल्या विधीने लागलेलं लग्न तिथल्या कायद्याला पुरत नसे, सरकारी नोंद लागायची. ती नसली तर बाई बायको नाही आणि मुलं औरस नाहीत.

पुरुषांचं कसं, तर एक दिवस कामावर आला नाही की दोन दिवसांचा पगार कापायचा. त्याला 'डबल कट' म्हणत. हे वाचताना मला आपल्याकडची ऊसतोड आठवली. बीडकडून दिवाळीनंतर निघणाऱ्या जोडप्याला अजूनही 'एक कोयता' म्हणतात. नवरा-बायको दोघं मिळून एक. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, हिशेब नवऱ्याशी होतो, आणि बाळंतपणासाठी का होईना, बाई एक दिवस घरी राहिली की खाडा पडतो, त्याचा दंड. आपण ज्या चहात ही साखर घालतो, तो चहा आत्ता कुणी पीत असेल तर प्या, मी काही थांबवत नाही.

करार संपलेल्यांचीही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्यांना फोटो चिकटवलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून पकडायचे. शेवटी १८७१ मध्ये या जुन्या मजुरांनी अर्ज केला. नऊ हजारांवर सह्या आणि अंगठे. तो लिहून द्यायला आदोल्फ द प्लेवित्झ नावाचा एक युरोपीय माणूस पुढे आला. मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारलं. पण अर्ज पोचला, लंडनहून चौकशी मंडळ आलं, १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि छळ थोडा कमी झाला. विणकरांनी निघण्याआधी केलेला अर्ज आपल्या माणसांना तिथे पोचून सदतीस वर्षांनी करता आला.

इकडे पुण्यात या प्रश्नाला माणूस मिळाला तो गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे, म्हणजे ज्या भागातून माणसं मोरसला गेली तिथलेच. आपण त्यांना फर्ग्युसनचे प्राध्यापक आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक म्हणून ओळखतो, पण या कामासाठी फारसं आठवत नाही. २५ फेब्रुवारी १९१० ला त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात ठराव मांडला, की नाताळला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, करारावर मजूर पाठवणं बंद करा. सरकारने तो मानला. मग ४ मार्च १९१२ ला त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: ही पद्धतच सगळीकडे बंद करा. तो ठराव सरकारी मतांनी पाडला गेला. आकडे, कायदे, तुरुंगातल्यांची संख्या, आत्महत्या, सगळं त्यांनी मांडलं होतं, आणि बायकांचं प्रमाण भरण्यासाठी काय चालतं, हेही. १९१५ च्या फेब्रुवारीत ते पुण्यातच गेले. शेवट त्यांना बघायला मिळाला नाही.

शेवट आणला त्यात बायकाही होत्या. फिजीतल्या कुंती नावाच्या बाईने मुकादमाच्या तावडीतून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली, तिची हकिगत १९१३ मध्ये इथल्या वर्तमानपत्रात छापून आली आणि देशभर संताप झाला. १९१७ मध्ये मुंबईच्या जायजी पेटिट यांनी बायकांचं एक शिष्टमंडळ तयार करून व्हाइसरॉयकडे नेलं. लेडी टाटा त्यात होत्या. गांधीजींनी आत्मकथेत या शिष्टमंडळाचा परिणाम मोठा झाला असं नोंदवलं आहे. त्याच वर्षी भरती थांबली. ज्यांना मतही देता येत नव्हतं अशा बायका, ज्यांचं करारावर नावही नव्हतं अशा बायकांसाठी गेल्या होत्या.

गेलेल्यांपैकी पुष्कळ जण परतले नाहीत. परतीचं फुकट तिकीट सरकारने १८५० नंतर काही वर्षांतच काढून घेतलं होतं. मळेवाल्यांनी पुढे जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा साठवलेल्या पैशातून आणि बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांतून ते घेतले गेले. कास्कावेलसारख्या गावांत मराठी वस्ती टिकली. घरात बोलणं क्रिओल झालं, पण शाळेत मराठी शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. लग्नकार्यात झाकरी नाचतात. कोकणातल्या बहिणींना सांगायला नको, ही आपली जाखडी.

मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे. डेपोतल्या त्या नोंदवह्या आणि फोटो तिथे जपून ठेवले आहेत. लोक येतात, पणजोबाचा नंबर सांगतात, आणि वही उघडली जाते. पणजीचं शोधायचं असलं तर तेही बहुधा त्याच्याच नंबरवरून.

आपल्यापैकी ज्यांचं गाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा साताऱ्याकडे आहे, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून बघा: आपल्यातलं कुणी मोरसला गेलं होतं का? पुरुषाचं नाव सांगितलं, तर बरोबर कोण गेली होती, तेही विचारा.