फोनने वाजवलेला प्रोग्रॅम

सुरुवातीला ती कर्कश किरकिर ऐकलीत ना? तुमचे इअरफोन ठीक आहेत. तो एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम होता.

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला, १२५ पौंडांपासून पुढे. फ्लॉपी ड्राइव्ह महाग, पण कॅसेट प्लेअर बहुतेकांच्या घरी असायचाच. मग प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात टेपवर ठेवायचे. शून्यासाठी एक छोटी लहर, एकासाठी बरोबर दुप्पट लांबीची, बस्स. प्रोसेसर लहर कधी पलटते एवढंच मोजत बसतो. वेग सेकंदाला साधारण १५०० बिट्स, म्हणजे ४८ के मेमरी भरायला चार-पाच मिनिटं. (आणि आपण रील दोन सेकंद अडकली तरी चिडतो!)

नेदरलँड्समध्ये तर एनओएसच्या ‘हॉबीस्कूप’ या रेडिओ कार्यक्रमातून प्रोग्रॅम प्रसारित व्हायचे. लोक ते टेप करून आपल्या मशीनमध्ये घालायचे. वायरलेस डाउनलोडच की!

भारतात डेसिबेल्स कंपनीने १९८६ च्या सुमारास परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. माझ्या मित्राच्या काकांकडे तो अजून चालू आहे. कॉलेजात असताना काकांनी स्वतः लिहिलेला एक गेम कॅसेटवर होता, पण टेप इतकी झिजलेली की मशीन काही केल्या वाचेना. आम्ही ती लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, लहरी बघून बिट्स सोडवले आणि नवी वेव्ह फाइल बनवली. कमी बिटरेटचा एमपी३ इथे नको. तो माणसाच्या कानाला फसवायला बनवलाय, आणि इथे ऐकणारा कान नाहीच.

फोनच्या हेडफोन जॅकमधून वायर थेट मशीनच्या ‘इअर’ सॉकेटमध्ये. व्हॉल्यूम फुल. काकांनी लोडची कमांड दिली. बॉर्डरवर आधी लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे. तीन मिनिटं सगळे गप्प. आणि तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेजची टिंग!

‘टेप लोडिंग एरर’. शेवटी एक पॅरिटी बाइट असते, तिचा हिशोब जुळला नाही की चूक कळते, पण दुरुस्त होत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा फोन एरोप्लेन मोडवर टाकला. गेम सुरू झाला, वर काकांचं नाव, स्पेलिंग चुकलेलं. काका म्हणाले, “अरे, हे तेव्हाच दुरुस्त करायचं होतं.” आणि कीबोर्ड ओढून बसले.