रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते? कार्पल टनेल सिंड्रोमवर व्यायामाचा किती उपयोग होतो?

रात्री दोन-तीनच्या सुमारास हात बधिर होऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं, पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. अनेक जण याला मानेचं दुखणं किंवा 'वात' समजून तेल चोळत राहतात. पण मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येत असतील आणि करंगळी मोकळी असेल, तर कार्पल टनेल सिंड्रोमची शक्यता जास्त असते.

मनगटात नेमकं काय होतं?

मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली छोट्या हाडांची कमान, वर जाड लिगामेंटचं छत. यातून बोटं आणि अंगठा वाकवणारे ९ टेंडन जातात आणि त्यांच्या गर्दीत मीडियन नर्व्ह ही नस. थोडी सूज आली तरी दाब नसेवर येतो. झोपेत मनगट मुडपलं जातं आणि दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा.

गरोदरपण, मधुमेह, कमी झालेलं थायरॉइड, लठ्ठपणा, संधिवात यांत हा धोका वाढतो. दोष बहुतेकदा कम्प्युटरच्या माऊसला दिला जातो. पण ड्रिलसारखी थरथरणारी यंत्रं आणि जोर लावून मूठ आवळण्याची कामं यांच्याविरुद्धचा पुरावा त्याहून भक्कम आहे.

ऑपरेशनमध्ये छताचं लिगामेंट कापून नसेला जागा करून देतात. ऑपरेशन छोटं असतं, पण नंतर काही आठवडे जड काम करता येत नाही. ज्यांचं अक्षरशः हातावर पोट आहे, त्यांना हे परवडत नाही. म्हणून व्यायामाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

व्यायाम कोणते?

सर्वाधिक सांगितला जाणारा प्रकार म्हणजे नर्व्ह ग्लाइडिंग. टॉटन आणि हंटर यांनी १९९१ मध्ये त्याच्या सहा स्थिती मांडल्या. आधी मनगट सरळ ठेवून मूठ. मग बोटं सरळ, अंगठा त्यांना चिकटून. मग मनगट मागे वाकवायचं, अंगठा बाहेर काढायचा, तळहात वरच्या दिशेला वळवायचा आणि शेवटी दुसऱ्या हाताने अंगठा अलगद ताणायचा. नस बोगद्यात मोकळेपणाने सरकावी, हा उद्देश. मुंग्या वाढल्या तर थांबायचं. इथे 'दुखेल तितकं चांगलं' चालत नाही. टेंडनसाठीही असेच व्यायाम असतात. मोबिलायझेशन मात्र स्वतः करायचं नसतं. त्यात फिजिओथेरपिस्ट मनगटातली हाडं आणि आजूबाजूचा भाग हळुवार हलवतात.

पुरावा काय सांगतो?

चित्र संमिश्र आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये १६ अभ्यास, म्हणजे ७४१ रुग्णांची माहिती तपासली. फायद्याचा पुरावा मर्यादित आणि अतिशय कमी दर्जाचा असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे व्यायाम निरुपयोगी ठरले असं नाही. अभ्यासच लहान आणि कच्चे होते.

त्यानंतर २०१५ मध्ये स्पेनमधल्या १२० महिलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्या महिलांवर ऑपरेशन झालं, निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने हाताने केलेले उपचार मिळाले. पहिल्या तीन महिन्यांत उपचारांचा गट पुढे होता, तर सहा महिने आणि वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच. निकाल आशादायक आहे, पण तो तज्ज्ञ हातांचा आहे. व्हिडिओ पाहून घरी केलेल्या व्यायामाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यात पुरुषही नव्हते.

त्यामुळे सौम्य ते मध्यम त्रासात रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट आणि त्याच्या जोडीला व्यायाम, हा मार्ग काही आठवडे करून पाहण्यासारखा आहे. गरोदरपणातला त्रास तर बहुधा बाळंतपणानंतर कमी होतो.

मात्र बधिरपणा दिवसभर राहत असेल, हातातून वस्तू पडत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला असेल, तर व्यायामात वेळ घालवू नये. अशा वेळी डॉक्टर नसेची एनसीव्ही चाचणी करायला सांगतात. एकदा झिजलेला तो स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच, असं नसतं.