फेरफारवहीचे गणित

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावचा आठ-अ उतारा पाहा. एका खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनींची बेरीज त्यात असते. ही माहिती स्वतंत्र नाही, ती सातबाऱ्यांवरूनच काढलेली असते. मग वेगळी लिहून का ठेवायची? दर वेळी गावचे सारे सातबारे कोण चाळत बसणार! संगणकाच्या माहितीसाठ्यातल्या अशा काढून ठेवलेल्या गोषवाऱ्याला ‘मटेरियलाइज्ड व्ह्यू’ म्हणतात. मूळ नोंद बदलली की तो शिळा होतो, ही त्याची खोड.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व (जळगाव) आणि पश्चिम (धुळे) असे दोन जिल्हे पडले. १९१३ साली ही हक्कनोंदणी जमीन महसूल कायद्यातच सामावली गेली. या व्यवस्थेचा कणा म्हणजे फेरफारवही, आजचा गाव नमुना ६. विक्री, वारसा, वाटणी अशा प्रत्येक बदलाला त्यात क्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग तेवढेच सातबारे दुरुस्त होतात. हस्तलिखित उताऱ्यावर जुने नाव कंसात जाई, फेरफार क्रमांक वर्तुळात येई. एकच बदल दोनदा चढू नये, याची सोय त्या वर्तुळातच होती!

आता थोडे गणित. समजा, एका खात्यात १.२०, ०.८० आणि २.४० हेक्टरचे तीन गट आहेत. बेरीज ४.४०. त्यातला ०.८०चा गट विकला तर ४.४० मधून तो वजा करायचा, उरलेले गट पाहायचीही गरज नाही. पण ‘सर्वांत मोठा गट कोणता’ असे विचारले आणि २.४०चाच विकला गेला, तर? उरलेले सगळे पुन्हा तपासावे लागतात. बदलांवरून गोषवारा कसा ताजा करायचा, हा प्रश्न ब्लेकली, लार्सन आणि टॉम्पा यांनी १९८६ साली संगणकासाठी पद्धतशीर मांडला.

दुसरा मार्ग म्हणजे सगळे नव्याने लिहिणे. हस्तलिखित सातबाऱ्यांचे साधारण दहा वर्षांनी पुनर्लेखन होई. त्यात वेळ जाई तो जाईच, पण नकलताना एखादे नाव गळाले तर त्या घराला पुढे तहसीलचे हेलपाटे. उलट, फेरफार प्रमाणित व्हायचा राहिला, तर नवरा गेलेल्या बाईचे नाव उताऱ्यावर येत नाही आणि पेरणीच्या तोंडावर पीककर्ज अडते. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर नाव चढण्याआधी मात्र फेरफार मंजूर व्हावाच लागतो.