मांजरा (नदीनाम व प्रसार)

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाट डोंगररांगेत गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा ही गोदावरीची महत्त्वाची उपनदी. लांबी सुमारे ७२४ किमी. महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणातून वाहत ती कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. तेरणा, मन्याड व लेंडी या तिच्या प्रमुख उपनद्या.

केज तालुक्यातील धनेगावच्या धरणाला ‘मांजरा प्रकल्प’ म्हणतात. केज, अंबाजोगाई, कळंब आणि लातूर शहराची तहान त्यावर भागते. २०१६च्या दुष्काळात धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नदीकाठच्या उसाबरोबर तिचे नाव सहकारातही रुजले. लातूरजवळ विलासनगर येथील मांजरा सहकारी साखर कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण. मांजरा चॅरिटेबल ट्रस्टमुळे हे नाव मुंबईच्या अंधेरीतील अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत पोहोचले.

तेलंगणात ‘मंजीरा’ या रूपात ते संगारेड्डीजवळच्या मगरींच्या अभयारण्याला व हैदराबादच्या पाणीपुरवठा योजनेला मिळाले आहे; तेथील एका मॉललाही ते पूर्वी होते. हे नाव दूरवर मिरवणाऱ्यांनी उगमाकडील अवर्षणग्रस्त पाणलोटाची काळजी वाहणे अगत्याचे आहे.