पगारातली कपात आणि चुकलेला अंदाज

आज करकपातीचा इतिहास बघायचाय, पण सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. एका वर्षी मी कॉलेजच्या ऑफिसात लिहून दिलं, यंदा राष्ट्रीय बचत पत्रं घेईन. घ्यायची राहून गेली. वर्षभर कर कमी कापला गेला आणि मार्चचा पगार जवळजवळ निम्माच हातात आला. तावातावाने हिशेबनिसांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, ‘सर, अंदाज तुम्हीच दिला होता.’

बरोबरच होतं त्यांचं. प्राप्तिकर असतो वर्षाच्या उत्पन्नावर, आणि ते उत्पन्न वर्ष संपल्याशिवाय नक्की कळत नाही. तरी कपात दरमहा करायची. मग अंदाज चुकला तर दुरुस्ती कधी करायची, आणि तोवर भार कोणी सोसायचा?

हा प्रश्न ऐरणीवर आला दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये. युद्धाआधी तिथे करदाते होते सुमारे 40 लाख. युद्धाच्या अखेरीस ते एक कोटीच्या वर गेले. 1941 पासून प्रमाण दर पौंडाला दहा शिलिंग, म्हणजे निम्मा! मालक मजुरीतून कर कापत होते, पण तो आधीच्या महिन्यांतल्या कमाईवरचा. म्हणजे बघा, उन्हाळ्यात ओव्हरटाइम केला, त्याचा कर कापला जाणार हिवाळ्यात. तोवर ओव्हरटाइम बंद, किंवा माणूस आजारी. कमाई गेली, बाकी मात्र मानगुटीवर. युद्ध संपून कारखाने थंडावले असते तर किती घरांचं कंबरडं मोडलं असतं!

यावरचा तोडगा म्हणजे ‘पे ॲज यू अर्न’, कमवाल तसा भरा. तो आखण्यात प्रमुख होते पॉल चेंबर्स. हे गृहस्थ 1937 ते 1940 भारत सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. कल्पना साधी. दर आठवड्याला वर्षारंभापासूनची एकूण मजुरी घ्यायची, त्यातून तेवढ्या आठवड्यांची करमाफ रक्कम वजा करायची, उरलेल्यावरचा कर काढायचा आणि आधी कापलेला त्यातून वळता करायचा. राहिला फरक, तेवढाच कापायचा. समजा, कामगार तीन आठवडे घरी बसला. फरक उलटा येतो, आणि कर त्याच्या पाकिटात परत येतो. वर्षअखेरीची वाट बघायला नको.

21 सप्टेंबर 1943 रोजी ही योजना जाहीर व्हायची होती. त्याच दिवशी अर्थमंत्री किंग्जली वुड यांचं निधन झालं. तरी योजना थांबली नाही; 6 एप्रिल 1944 पासून सुरू झाली.

आपल्याकडे पगारातून कपात 1922 च्या कायद्यातही होती. 1961 च्या कायद्यात कलम 192 आलं: वर्षाच्या अंदाजित पगारावर सरासरी दराने कपात. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने मालकाला मुभा दिली, की आधी कमी-जास्त कापलं गेलं असेल तर त्याच वर्षातल्या पुढच्या कपातीत ते जुळवून घ्यावं. वर्ष सरल्यावर मात्र जादा कापलेल्यासाठी विवरणपत्र भरून परताव्याची वाट बघायची.

म्हणजे दुरुस्तीची सोय होतीच. पण ऑफिसला कळणार कसं? नोकरी बदलली, गुंतवणूक राहिली, हे आपणच सांगायला हवं. गणपतीत सांगितलंत तर फरक सहा-सात पगारांत वाटला जातो. शिमग्याला सांगितलंत, तर एकाच पगारावर बसतो. माझा बसला होता.