दोन अक्षरांचे निशाण

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा छत्तीसगडातील भोसलेकालावर लिहावे असे मनात होते. पण घरातल्या एका गमतीने विषय भलतीकडेच नेला आणि शेवटी फिरून भोसल्यांपाशीच आणून सोडले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करणारा माणूस आहे. तेव्हा वाचकांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

दोन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव शिक्षणासाठी पुण्याला निघाले. रायपूर स्टेशनावर त्याला आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये बसवून आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचा संदेश आला. अक्षर एकही नाही. एक ध्वज, मग बाण, मग दुसरा ध्वज. पहिला हिरवा, पिवळा आणि तांबडा. दुसरा निळा, त्यावर तिरपे पट्टे आणि एक तारा. आईने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "अरे, पोरगं पुण्यालाच गेलंय ना? मग ही कुठल्या मुलखाची निशाणं?"

रात्री फोनवर उलगडा झाला. पहिला ध्वज आफ्रिकेतील काँगो प्रजासत्ताकाचा, दुसरा प्रशांत महासागरातील मार्शल बेटांचा. काँगोची आंतरराष्ट्रीय खूण सी आणि जी, मार्शल बेटांची एम आणि एच. आपल्या गाड्यांच्या पाटीवरची सीजी आणि एमएच हीच ती अक्षरे! "बाबा, छत्तीसगडहून महाराष्ट्राला निघालो, एवढंच लिहिलं होतं," तो म्हणाला. त्याच्या मित्रमंडळींत हे सगळ्यांना कळते. गोव्याला निघाले की गॅबन देशाचा ध्वज टाकतात, कारण त्याची खूण जी आणि ए. तमिळनाडूसाठी ट्युनिशिया. बाहेरच्याला काही कळत नाही, यातच त्यांना मौज वाटते.

ही गंमत मुळात शक्य कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. मोबाइलवरच्या चित्रांची सुरुवात जपानी कंपन्यांनी १९९० च्या दशकाअखेरीस केली. त्यांच्या संचांत ध्वज होते फक्त दहा देशांचे: जपान, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, रशिया, चीन आणि दक्षिण कोरिया. भारत त्यात नव्हता. पुढे जगातल्या सर्व लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड संस्थेने ही चित्रे आपल्या यादीत घेतली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की दहांनाच मान का? आणि सर्वांना द्यायचा तर देश कोणता आणि नाही कोणता, हे ठरवायचे कोणी? २०१० साली त्यावर नामी तोडगा निघाला. ध्वजांना क्रमांक दिलेच नाहीत. ए ते झेड अशी सव्वीस खास अक्षरे दिली. आय आणि एन शेजारी आले की फोनने तिरंगा काढायचा. म्हणजे फोनवरून ध्वज जातच नाही, दोन अक्षरे जातात, आणि चित्र घेणाऱ्याच्या यंत्रात उमटते. विंडोजच्या संगणकांवर तर वर्षानुवर्षे ध्वजाऐवजी नुसती दोन अक्षरेच दिसत आली आहेत.

देशांच्या त्या आंतरराष्ट्रीय यादीत मनुष्यवस्ती नसलेली बर्फाळ बेटेही आहेत. म्हणून फोनमध्ये अडीचशेहून अधिक ध्वज आले. अकरा कोटींहून अधिक वस्तीचा महाराष्ट्र त्यात नाही, कारण तो देश नव्हे. शिवाय आपल्या राज्यांना अधिकृत ध्वजही नाहीत. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांना २०१७ साली अपवाद म्हणून स्थान मिळाले. २०२२ साली युनिकोडने ध्वजांचे नवे प्रस्ताव घेणेच बंद केले. मुलांनी मात्र कोणाकडे अर्ज न करता, आपल्या दोन अक्षरांवर जो ध्वज मिळाला तो उचलला.

मला या युक्तीचे कौतुक वाटले. पण काँगोच्या ध्वजावरून नजर हटेना. हिरवा, पिवळा, तांबडा हे तर आमच्या सिग्नलचे रंग! उत्सुकतेपोटी माहिती काढली. १९५९ साली स्वीकारलेला हा ध्वज १९७० मध्ये बदलला गेला आणि १९९१ मध्ये पुन्हा फडकला. या देशाला फ्रान्सकडून स्वातंत्र्य मिळाले ते १५ ऑगस्ट १९६० रोजी. तारीख आपलीच.

पुढे वाचले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. फ्रेंचांनी १९२१ ते १९३४ या काळात ब्राझाव्हिलपासून समुद्रकाठच्या प्वांत-न्वारपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरची रेल्वे बांधली. वाटेत मायोम्बेचे घनदाट जंगल आणि डोंगर. कामाला माणसे लांबलांबच्या मुलखांतून सक्तीने धरून आणली. उपासमार, आजार, अपघात. मृतांचा आकडा सतरा हजारांच्या आसपास सांगतात. काही अंदाज त्याहून मोठे आहेत. आम्ही रुळावर काम करतो तेव्हा गँगच्या रक्षणासाठी किती नियम असतात! गाडी रोखायची वेळ आली तर ६०० मीटरवर एक पटाखा, १२०० मीटरवर तीन, हातात तांबडी झेंडी. झेंडी नसेल तर दोन्ही हात वर. त्या जंगलात गाडी कोणी रोखायची आणि कोणासाठी? त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्शल बेटांच्या ध्वजाची गोष्टही तशीच. तो स्वीकारला गेला १ मे १९७९ रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनीच. पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एमलेन काबुआ यांनी तो रेखला. निळा समुद्र, त्यावर शौर्याचा नारिंगी आणि शांततेचा पांढरा पट्टा. आता याच बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ चा बिकिनी येथील स्फोट हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट होता. त्याची राख शेजारच्या राँगेलॅप बेटावरील माणसांवर पडली. त्यांना गाव सोडावे लागले. शांततेचा तो पट्टा ज्यांनी रंगवला, त्यांनी काय सोसले होते हे आपल्याला ठाऊक नसते.

मुलाला हे सांगितले. वाटले, म्हणेल, "बाबा, एवढ्याशा गमतीत तुम्ही इतिहास कुठे आणता?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला माहीत नव्हतं." मी त्याला ध्वज टाकू नकोस असे म्हटले नाही. कोणाचा आहे तेवढे माहीत असू दे, एवढेच म्हटले.

मग माझ्या लक्षात आले की हा उपदेश आपल्यालाही लागू आहे. आपल्या मंडळाच्या गटावर सभेचा निरोप आला की खाली पाच-पाच त्रिकोणी पताकांची रांग लागते. बहुतेक फोनांत ती पताका तांबडी असते. आपली मुले तिला भगवा मानतात. इंग्रजीत बोलणारे तरुण तीच पताका 'हा माणूस धोक्याचा' या अर्थाने वापरतात. २०२१ साली तर त्याची मोठी लाट आली होती. आणि माझ्यासारखा रेल्वेवाला तांबडे दिसताच थांबतो! चित्र एकच, वाचणारे तीन.

इथे, छत्तीसगडात, आपल्या भगव्याचा आणखी एक वाचक आहे. तो म्हणजे इथला शेतकरी. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजेबरोबर मराठ्यांचे निशाण रतनपूरला आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. त्यांनी रामटेकडीवर राममंदिर बांधले, इथल्या लोकांत मिसळले. त्यांच्या पश्चात मात्र नागपूरहून सुभेदार येऊ लागले आणि रयतेचा संबंध उरला तो बहुतांशी वसुलीशी. इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत या सुभा पद्धतीबद्दल बरे लिहिलेले नाही, आणि ते आपण मोकळेपणाने वाचले पाहिजे. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षक आला, मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. निशाण उतरले.

राहिले काय? दसऱ्याला सोनपत्र देण्याची रीत छत्तीसगडात बिंबाजींनी रुजवली असे इतिहासकार सांगतात. आजही दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या गल्लीतले छत्तीसगडी शेजारी हातात सोन्याची पाने घेऊन दारात येतात. त्यांच्या गाडीवर, घरावर आपला भगवा नसतो. पण पान देताना वाकतात ते अगदी आपल्यासारखेच. फौजेने आणलेले निशाण गेले, शेजाऱ्याच्या हातात दिलेले पान टिकले.

म्हणून मंडळातील मुलामुलींना एवढीच विनंती आहे. पताका खुशाल टाका, त्यांत तुमचा जीव आहे हे आम्हाला दिसते. पण पाच पताकांखाली एक ओळ मराठीतही लिहा. आजीला ती वाचता येते. आणि मांडवात शेजारचे येतील तेव्हा आरतीचे ताट त्यांच्याही हाती द्या.

आमचे चिरंजीव अजून सुट्टीला निघताना तेच दोन ध्वज उलट्या क्रमाने टाकतात. गेल्या १५ ऑगस्टला मात्र त्याने कुटुंबाच्या गटावर तिरंगा टाकला, शेजारी काँगोचा ध्वज, आणि खाली चक्क देवनागरीत एक ओळ: "आजी, आज यांचाही स्वातंत्र्यदिन." आईने ती मोठ्याने वाचली आणि मला विचारले, "तिथे आता रेल्वे नीट चालते का रे?"

गणपती बाप्पा मोरया!