पिराचा मलिदा, एलियाहूचा मलिदा

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेत गुलाल-खोबरं उधळून नवस फिटतात. त्याच मुलखात मोहरमला पिराला चोंगे-मलिदा चढतो. हा मलिदा म्हणजे कुस्करलेली पोळी, गूळ आणि तूप. चढवणाऱ्यांत हिंदू घरंही कमी नसतात. घाट उतरून कोकणात गेलं की नाव तेच राहतं, ताट बदलतं. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरी मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं. हा नवस असतो एलियाहू हानाबीचा, लग्नाचा, बाळंतपणाचा नाहीतर नव्या घराचा.

गलबत फुटलं, सात जोडपी वाचून नवगावच्या किनाऱ्याला लागली, अशी या समाजाची परंपरा. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात हा काळ इ.स.पू. १७५ च्या सुमाराचा धरला. तेव्हा सीरियाच्या गादीवर आलेल्या चौथ्या अँटिओकसने पुढे ज्यूंच्या यहूदियात शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुंता यांवर बंदी घातली, आणि त्यातून मक्काबींचं बंड पेटलं. केहिमकरांच्या सनावर मी पैज लावणार नाही. पण कोकणात तेल गाळणाऱ्या या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, तर शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, बस्स. ज्या शनिवारापायी तिकडे माणसं मेली, तो इकडे जातीचं नाव होऊन बसला.

मलिद्याचं मूळ काही जण बायबलातल्या पिठा-तेलाच्या अर्पणात शोधतात. मला ते फार लांबचं वाटतं. नाव फारसी, दर्ग्याच्या वाटेनं आलेलं, पोहे-नारळ कोकणचे, नवस बोलायची रीत सगळ्या गावाची. आपलं त्यांनी काय राखलं? हिब्रू प्रार्थना, फळांवरचे आशीर्वाद, आणि समोर मूर्ती नाही. एलियाहूही देव नव्हे, संदेष्टा. अग्निरथातून स्वर्गी गेलेला. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, तिथे भरतो तो उरूस. नाव इथेही दर्ग्याचंच!

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. लोद, डिमोना, अश्दोदमधल्या भारतीय दुकानांत पोहे मिळतात, त्यामुळे मलिद्यात खंड पडलेला नाही.